वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी: आधी ब्रेक, मग इंजिन

जुनी गाडी शेडमधून काढायची ठरली की सगळ्यांना घाई असते ती इंजिन सुरू करायची. नवी बॅटरी येते, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतलं जातं, धडधड ऐकू आली की अख्खं घर अंगणात जमा होतं. ब्रेकचं नावही कुणी काढत नाही. माझा मात्र नेमच आहे: गाडी थांबेल याची खात्री झाल्याशिवाय ती सुरू करायची नाही.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. घराघरांत जपून ठेवलेल्या पद्मिनी मात्र अजून आहेत. आमच्या काकांची चिपळूणला नऊ पावसाळे पत्र्याखाली उभी होती. तिच्यावर जे शिकलो ते इथे सांगतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल ड्रमला आतून शू दाबून थांबवणारे) असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांना ते लागू पडेल.

चाक फिरतं का?

गाडी न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक सोडा आणि ढकलून बघा. हलली नाही तर दुसऱ्या गाडीला बांधून ओढू नका. कोकणातल्या दमट हवेत ड्रमला गंज चढतो आणि ब्रेक शूचं लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, त्याला घट्ट चिकटतं. जोर लावला तर लायनर शूपासून उखडून आतच अडकतं.

एकेक चाक जॅकवर उचला, गाडीखाली स्टँड लावा, जमिनीवरच्या चाकांना दगडाची उटी द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात खाली घालू नका. ड्रममागच्या प्लेटवरचे शूचे ॲडजस्टर ढिले करा आणि लाकडी हातोडीने ड्रमच्या कडेवर गोल फिरत हलके ठोके द्या. गंज सोडवणारं तेल लावायचं तर फक्त हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) सांध्यावर, तेही थेंबभर. लायनरला तेल लागलं की ते बदलावंच लागतं.

ड्रम निघाल्यावर आतल्या धुळीवर हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

पॅडल काय सांगतं?

पॅडल थेट खाली जात असेल तर ब्रेकचं तेल संपलंय, गळतंय किंवा मास्टर सिलेंडरचे (पॅडलला जोडलेल्या, तेल नळ्यांत ढकलणाऱ्या पंपाचे) रबर गेलेत. स्पंजसारखं दबत असेल तर नळ्यांत हवा आहे. चांगलं टणक लागतं, पाय दाबून ठेवला की मात्र हळूहळू खाली सरकतं, आणि बाहेर कुठेच ओल नाही? मग मास्टर सिलेंडर आतल्या आत तेल सोडतोय.

सगळ्यात फसवणारा दोष वेगळाच. ब्रेक लागतो, पण पाय काढला तरी सुटत नाही. काकांच्या गाडीचं पुढचं डावं चाक असंच धरून बसलं होतं, आणि आम्ही अर्धा दिवस शू घासण्यात घालवला. शोध घ्यायचा तो चाकाकडून मागे मागे. पॅडल दाबून सोडा आणि त्या चाकाचं निपल (हवा-तेल बाहेर काढायचा बारीक स्क्रू) अर्धा आटा उघडा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब मागे कुठेतरी अडकलाय. निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर दोष तिथेच: पिस्टन, शू किंवा स्प्रिंग.

दाब अडकला असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार असतो रबरी होज, म्हणजे चाकाकडे तेल नेणारी लवचिक नळी. बाहेरून धडधाकट दिसतो, आतून फुगून बंद झालेला असतो. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, परत यायला वाट उरत नाही. आमचा होज कापून पाहिला तर भोक सुईएवढं राहिलं होतं. चारही चाकं एकदम धरत असतील तर मास्टर सिलेंडरकडे वळा. पॅडलला थोडी मोकळी चाल आहे ना ते बघा. नसेल तर तेल ब्रेक ऑइलच्या टाकीत परतण्याचं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं. कचऱ्यानेही ते बुजतं.

काय बदलायचं?

व्हील सिलेंडरची (चाकातल्या, पिस्टनने शू ढकलणाऱ्या सिलेंडरची) रबरी टोपी उचला. आमच्याकडे चहाच्या रंगाचं पाणी टपकलं, एक पिस्टन गंजून गच्च. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ती ओल सिलेंडरमध्ये साचते आणि धातू खाते. बोअरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने जातो. नखाला खड्डा लागला तर सिलेंडर नवाच घ्या. रबर आणि होज मात्र सगळेच बदला, चांगले दिसले तरी. जुन्या पद्मिनीत ब्रेकचं सर्किट एकच असतं. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

सुटे भाग पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, आणि ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका, रबर फुगतं. धुवायला ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरा. भरताना सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हवा काढणं

मास्टर सिलेंडरपासून सर्वात लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलवर पारदर्शक नळी लावा, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. एकाने पॅडल दाबून "धरलं" म्हणायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, मगच "सोड" सांगायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. टाकी अधूनमधून भरत राहा.

मास्टर सिलेंडर जुनाच ठेवला असेल तर पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथे पोचत नाही तिथे गंज असतो. पॅडल तळापर्यंत नेलं तर रबर त्यावर घासून फाटतं.

शेवटी शू ॲडजस्ट करा आणि पूर्ण जोराने पॅडल दाबून धरा, दुसऱ्याला प्रत्येक सांधा बघू द्या. मग सपाट अंगणात चालण्याच्या वेगाने दहा-बारा वेळा थांबवा. थोडी फिरवून आणली की चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ते चाक अजून धरतंय. ड्रम पुन्हा उघडायचा. पुढे गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये टाका आणि चाकांना उटी लावा.