सीडी प्लेअरचा ट्रे उघडत नव्हता: बेल्टचं माप कसं काढलं

लक्षण: ओपन दाबलं की मोटर घरघरायची, ट्रे जागचा हलायचा नाही, वरून टपली मारली तर कधीतरी बाहेर यायचा. आधी मोटरची गती ट्रेपर्यंत नेणारा रबरी बेल्ट गरम पाण्यात उकळून लावला, चार दिवस चालला. साधं रबरबँड आठवड्यात तुटलं. मॉडेल नंबर सांगून बेल्ट मागत दोन महिने वाया गेले. नंबर विसरा, माप घ्या.

प्लग काढला, झाकण उघडलं. मोटरची पुली (बेल्ट बसतो ते खाचेचं चाक) बोटाने फिरवून ट्रे बाहेर घेतला आणि चिमट्याने जुना बेल्ट काढला. तो ताणलेला असतो, त्यावरून माप घेऊ नका. दोन्ही पुलींभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजली: ७९ मिमी. बेल्ट ताणून बसावा म्हणून त्यातून ६ टक्के वजा, म्हणजे ७४. दुकानदार व्यास विचारतो, म्हणून ३.१४ने भागलं: साधारण २३.५ मिमी. जाडी १.२ मिमी, छेद चौकोनी. (गोल बेल्ट खाचेतून निसटतो, तेही करून पाहिलं.)

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात कॅसेट डेकच्या बेल्टांत हाच निघाला. पुल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, वाळू दिल्या, मग बेल्ट चढवला, तोही चिमट्यानेच. बोटांचं तेल लागलं की घसरतो. पीळ तपासून झाकण लावलं. ट्रे आता एका दाबात उघडतो.