भारी इटालियन रेस्टॉरंटमधली वाइन लिस्ट कशी बघायची

पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, कुठेही चांगल्या इटालियन जागी गेलं की मेनूबरोबर वाइन लिस्ट येते आणि सगळ्यांची नजर आधी किमतीवर जाते, मग बहुतेक जण सगळ्यात स्वस्तच्या एक पायरी वरची बाटली सांगून मोकळे होतात. तसं करू नका. दोन मिनिटं लिस्ट नीट वाचा, कारण तिच्यावरूनच कळतं की इथे वाइनकडे कोणी मनापासून लक्ष देतंय की डिस्ट्रिब्युटरने पाठवलं ते छापून टाकलंय.

पहिली गोष्ट, प्रत्येक वाइनपुढे बनवणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहिलंय का ते बघा. नुसतं "कियांती" (टस्कनीतली रेड) लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही, कियांती बनवणारे इटलीत शेकड्याने आहेत आणि चांगल्या-वाईटात जमीन-अस्मानाचा फरक असतो. वर्ष तर पांढऱ्या वाइनला हवंच हवं. पिनो ग्रीजो, सोआवे, बुडबुड्यांची प्रोसेको ह्या साधारणपणे ताज्या असताना प्यायच्या, त्यात आपल्याकडे येईपर्यंत त्यांचा जहाजाचा प्रवास, मग गोडाऊन, मग एप्रिल-मेच्या उन्हात टेम्पो, म्हणजे पाच-सहा वर्षं जुनी साधी पिनो ग्रीजो दिसली तर मी तरी हात लावणार नाही. बारोलो ह्या उत्तर इटलीतल्या भारी रेडचं बरोबर उलटं, ती नियमानेच किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडी पिंपात, मुरवल्याशिवाय विकता येत नाही, तिथे जुनं वर्ष बघून घाबरायचं कारण नाही. लिस्टवर वर्ष नसेल तर सरळ विचारा, आणि बाटली आली की उघडायच्या आधी लेबल वाचा, लिस्टवर एक वर्ष आणि हातात दुसरं असं होतं, तेव्हा बोलायचं, लाजायचं नाही.

लेबलवरचं डीओसीजी म्हणजे वाइन कुठल्या भागातली, कुठल्या द्राक्षाची, कशी बनवायची ह्याचे नियम कडक आहेत आणि तपासणी होते एवढंच, चवीची हमी नाही. कियांती आणि कियांती क्लासिको ह्यात मात्र खरंच फरक आहे, क्लासिको फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधल्या जुन्या पट्ट्यातली, बाटलीवर काळा कोंबडा असतो.

आता पैशाचं. इम्पोर्टेड वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं 150 टक्के कस्टम ड्युटी होती, वर राज्याचे कर आणि रेस्टॉरंटचं मार्जिन, त्यामुळे मोठ्या नावांसाठी आपण प्रचंड जास्त मोजतो. म्हणून चांगली लिस्ट मी अशी ओळखतो की त्यात मोठ्या नावांच्या शेजारची नावं असतात. ब्रुनेल्लो, म्हणजे टस्कनीतल्या माँताल्चीनो गावची महागडी रेड, परवडत नसेल तर रोस्सो दी माँताल्चीनो, गाव तेच आणि सांजोव्हेजे द्राक्षही तेच, फक्त कमी मुरवलेली. बारोलोऐवजी त्याच द्राक्षाची लांगे नेब्बिओलो किंवा त्याच भागातली बार्बेरा ही रेड. ज्याने हे विचार करून ठेवलंय त्याच्यावर माझा विश्वास बसतो. नुसत्या बारोलो, ब्रुनेल्लो, आमारोने अशा महागड्या बाटल्यांनी भरलेली लिस्ट दिसायला भारी, पण चार मित्र जेवायला गेलेत त्यांच्या काय कामाची?

आणि भारतीय वाइनचा भाग उडवून लावू नका प्लीज. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली ह्या वाइन कंपनीच्या मळ्यात सांजोव्हेजे पिकतं, कंपनीच्या स्थापनेत इटालियन भाऊही होते, आणि ती वाइन पुण्यात यायला समुद्र ओलांडत नाही. एक लक्षात ठेवा, आपल्याकडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, इटलीत ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे लेबलवर वर्ष सारखंच असलं तरी आपली वाइन सहाएक महिने मोठी असते.

ग्लासने घेणार असाल तर दोनच प्रश्न: ग्लास किती एमएलचा आणि बाटली कधी उघडली. 750 एमएलच्या बाटलीत 150 चे पाच ग्लास होतात, चार ग्लासांचे पैसे बाटलीएवढे होत असतील आणि तुम्ही तिघं-चौघं असाल तर बाटलीच मागवा. परवापासून उघडी असलेली रेड घेऊ नका, नीट साठवायची सोय असेल तर गोष्ट वेगळी.

जेवणाशी जुळवायचं तर टोमॅटोच्या सॉसला आंबटपणा असलेली वाइन लागते, सांजोव्हेजे किंवा बार्बेरा, दोन्ही मस्त जातात. पेस्तो (तुळशीसारख्या बेसिलचा हिरवा सॉस) पास्ता असेल तर व्हर्मेंतीनो ही पांढरी वाइन. आपल्यातले बरेच जण पिझ्झ्यावर चिली फ्लेक्सचा पाऊस पाडतात, तिखटाने जड रेड अजून कडक आणि तुरट लागते, तेव्हा हलकी फळांची चव असलेली घ्या किंवा सरळ प्रोसेको.

शेवटचं म्हणजे टेंपरेचर. रेड "रूम टेंपरेचर"ला द्यायची म्हणतात ते थंड देशातल्या खोलीचं, 16 ते 18 डिग्री, पुण्यात मे महिन्यात बाहेर ठेवलेली बाटली तिसापर्यंत जाते आणि मग फक्त अल्कोहोलच नाकात जातं. बारवर बाटल्या दिव्याखाली शोसाठी उभ्या केलेल्या दिसल्या तर आतला वाइन फ्रिज आहे का विचारा, आणि रेड कोमट आली तर दहा-पंधरा मिनिटं आइस बकेटमध्ये ठेवायला सांगा. चांगला सर्व्हर असेल तर वाद न घालता लगेच बकेट आणतो.