कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम ठरवताय? आधी या चुका टाळा

जुलैचा तिसरा आठवडा उजाडला की गावाच्या, शाळेच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "२६ तारखेला काय करायचं?" मग फ्लेक्सवाल्याला फोन, हारवाल्याला फोन, साउंडवाल्याला फोन. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांना फोन सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी. पुढच्या निम्म्या चुका या उलट्या क्रमातूनच होतात.

फ्लेक्स छापायला टाकण्याआधी

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे "कारगिल विजय दिनाच्या हार्दिक शुभेच्छा" आणि त्याखाली वीरमरण आलेल्या सैनिकांचे फोटो. विजयाचा दिवस आहे हे खरं, पण त्या विजयासाठी ५२७ सैनिक गेले. फोटोखाली "विनम्र अभिवादन" किंवा "मानवंदना" हेच शब्द शोभतात.

दुसरी चूक याहून गंभीर. कारगिल युद्धातल्या चार परमवीर चक्र विजेत्यांचे फोटो एका ओळीत लावतात, चौघांना हार घालतात आणि खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहितात. त्यांतले कॅप्टन विक्रम बत्रा आणि लेफ्टनंट मनोजकुमार पांडे यांना हे पदक मरणोत्तर मिळालं. योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार मात्र त्या लढाईतून वाचले, आणि आजही आपल्यात आहेत. यादव यांचं पदक तर सुरुवातीला सरकारनेही मरणोत्तर म्हणून जाहीर केलं होतं, कारण त्यांच्याच पलटणीतला त्याच नावाचा दुसरा सैनिक कामी आला होता. सरकारने चूक दुरुस्त केली. आपल्या फ्लेक्सवर ती अजून छापली जाते.

तिसरी चूक चित्राची. चढावर झेंडा रोवणाऱ्या सैनिकांची काळी आकृती इंटरनेटवरून उचलतात आणि झेंड्याला तिरंगा रंगवतात. ती आकृती बहुधा १९४५ साली इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या अमेरिकी सैनिकांची असते. त्यापेक्षा द्रासच्या युद्धस्मारकाचा फोटो लावा, किंवा फोटोच नको, नुसती नावं पुरेत.

नावांच्या बाबतीत पाच गोष्टी तपासा: हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, वीरमरणाची तारीख आणि ठिकाण. मराठी सैनिक म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच, असं धरून चालू नका. आपली माणसं महार रेजिमेंट, तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स अशी सगळीकडे आहेत. वीर चक्र आणि महावीर चक्र ही वेगळी पदकं आहेत. क्रम परमवीर, महावीर, वीर असा लागतो. नाव आधी घरच्यांकडून लिहून घ्या आणि मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळा. एका काना-मात्रेच्या चुकीने त्या आईचा सगळा दिवस नासतो.

आणि "शहीद" हा शब्द. बोलण्यात कुणी अडवत नाही, पण सैन्यदलाच्या कागदोपत्री तो अधिकृत शब्द नाही. सरकारने संसदेतही तसं सांगितलेलं आहे. मानपत्रावर "वीरमरण आले" किंवा "देशासाठी प्राणार्पण केले" असं लिहा.

झेंडा आणि जुलैचा पाऊस

२६ जुलैला झेंडा अर्ध्यावर आणायचा नसतो. दुखवट्यासाठी झेंडा उतरवायचा तो राष्ट्रपतींच्या आदेशाने, आणि तेव्हाही आधी पूर्ण टोकापर्यंत चढवून मग खाली घेतात. आपल्या कार्यक्रमात झेंडा पूर्ण वर, नाहीतर नाहीच.

झेंडा फडकवताना हमखास घोळ होतो तो गाठीचा. सुती दोरी पावसात फुगते, ओली खादी जड होते, पाकळ्या चिकटून गोळा बनतात. मग पाहुणे दोरी ओढत राहतात आणि वर पुडी तशीच लोंबकळते. उपाय सोपे आहेत. नायलॉनची दोरी घ्या. गाठ सुरगाठच मारा आणि वेढा एकच द्या. पाकळ्या कोरड्या आणि मूठभरच. झेंड्यात पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही. हार-फुलं झेंड्यावर किंवा खांबाच्या टोकावर मात्र लावायची नाहीत. आदल्या दिवशी दोन वेळा गाठ सोडून बघा. पॉलिस्टरचा झेंडाही ३० डिसेंबर २०२१ पासून चालतो, आणि पावसात तो लवकर वाळतो.

प्रमाण ३:२ असायला हवं. स्टेजसाठी ९०० × ६०० मिलिमीटरचा पुरतो. बाजारातले बरेच झेंडे या मापात बसत नाहीत, म्हणून विकत घेतानाच टेप लावा. भिंतीवर उभा लावला तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. काठीवरचा झेंडा स्टेजवर ठेवायचा असेल तर वक्त्याच्या उजव्या बाजूला.

फोटोच्या चौकटीवर किंवा टेबलावर तिरंगा अंथरू नका. पुतळ्याच्या अनावरणासाठीही तो वापरता येत नाही. पार्थिवावर तिरंगा असतो तो शासकीय किंवा लष्करी इतमामात. फोटोसाठी पांढरं कापड घ्या. दारातली तिरंगी रांगोळी काढायची तर अशोकचक्र टाळा. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यात झेंड्याच्या चित्रालाही झेंडाच मानलेलं आहे, आणि दारातल्या रांगोळीवर कुणाचा ना कुणाचा पाय पडतोच.

पुष्पचक्र, मौन, राष्ट्रगीत

पुष्पचक्र दीड-दोन फुटांचं पुरे. त्याला मागे तिकाटणं लावून घ्या, नाहीतर ओल्या ग्रॅनाइटवरून घसरतं. पुष्पचक्रं तीन-चारच ठेवा, बाकीच्यांनी पाकळ्या वाहाव्यात. पहिलं पुष्पचक्र कुटुंबाने किंवा गावातल्या सर्वांत ज्येष्ठ माजी सैनिकाने वाहावं. आमदार आले असतील तर तेही समजून घेतात. समजून घेत नाहीत ते त्यांचे कार्यकर्ते. दोन्ही हातांनी ठेवायचं, दोन पावलं मागे यायचं, क्षणभर सावधान उभं राहायचं. सॅल्यूट गणवेशातल्यांनी करावा, म्हणजे एनसीसीच्या मुलांनीसुद्धा. साध्या कपड्यातल्यांनी सावधान उभं राहिलं की पुरतं.

मौनाची चूक नेहमीची: निवेदक "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहूया" म्हणतो आणि पंचविसाव्या सेकंदाला "धन्यवाद". कारण तो मनात मोजत असतो, आणि शांततेत माइक हातात धरलेल्याला प्रत्येक सेकंद लांब वाटतो. घड्याळ दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. सुरुवातीला एक घंटा, शेवटी एक घंटा. ३० जानेवारीला हेच काम भोंगा करतो: ११ ला थांबतो आणि ११ वाजून २ मिनिटांनी पुन्हा वाजतो. पहिली-दुसरीची मुलं असतील तर एकच मिनिट जाहीर करा, पण ते पूर्ण पाळा. मौन सुरू असताना घोषणा नको आणि फोटोग्राफर समोर नको.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. रेकॉर्डिंग लावणार असाल तर आधी डाउनलोड करून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. थेट यूट्यूबवरून लावलं तर "जन गण"च्या आधी किराणा अ‍ॅपची जाहिरात वाजते, सगळे सावधान उभे असताना.

वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता

इथे घाई चालत नाही. किमान पंधरा दिवस आधी घरी जा. कार्यक्रमाला येण्याची इच्छा आहे का, बोलायचंय का, कुणासोबत येणार, गाडी लागेल का, हे विचारा. "दोन शब्द बोला" असं भर कार्यक्रमात माइक पुढे करून सांगू नका, "शेवटचा फोन कधी आला होता?" हा प्रश्न तर अजिबात नको. खुर्ची पहिल्या रांगेत, सत्कार पहिल्या पंधरा मिनिटांत. दोन तास पाहुण्यांची भाषणं ऐकल्यावर मिळालेल्या शाल-श्रीफळाला काही अर्थ राहत नाही.

आता कुंकवाचं. सत्कार करणाऱ्या बायका रांगेत सगळ्यांना हळदीकुंकू लावत येतात. वीरपत्नीसमोर आल्या की हात थबकतो, आणि बोट तसंच पुढच्या कपाळाकडे जातं. सगळं सभागृह ते बघतं. उपाय दोनच: सत्कारातून हळदीकुंकू पूर्ण काढा, किंवा आधी घरी विचारून सगळ्यांना सारखंच द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं, असं परिपत्रक राज्य सरकारने काढलं. कुणी "आपल्याकडे चालत नाही" म्हटलंच, तर ते परिपत्रक दाखवा.

निधी आणि दुसरा दिवस

दानपेटी कार्यक्रमात फिरवू नका, कुटुंब समोर बसलेलं असतं. ध्वजदिन निधीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रक्कम भरून पावती घ्या. 'भारत के वीर' पोर्टल गृह मंत्रालयाचं, सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांसाठी आहे. लष्करातल्या जवानांसाठी म्हणून तिथे पैसे भरणारे बरेच जण भेटतात.

२७ तारखेला सकाळी दोघांना मैदानावर पाठवा. कागदी झेंडे चिखलातून उचलून आणायचे. फाटलेला झेंडा घंटागाडीत टाकायचा नाही, एकांतात पूर्ण जाळायचा. पुष्पचक्रं तिसऱ्या दिवशी उचला आणि सांगाडे हारवाल्याला परत करा, अनामत दिली असेल तर तीही मिळते.