जीआयएसमधून कॅडमध्ये नकाशा नेताना या चुका टाळा

जीआयएसमधून (नकाशांचं सॉफ्टवेअर) कॅडसाठी (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) काढलेली डीएक्सएफ फाईल आली, झूम एक्स्टेंट्स मारून सगळं पडद्यावर आणलं, शेताचा आकार ओळखीचा वाटला की लगेच साईटी (घरांचे प्लॉट) पाडायला बसायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात लेआउटची कामं अशीच सुरू होतात, आणि अशीच अडकतात. आकार ओळखीचा वाटणं म्हणजे तपासणी नव्हे.

कॅडमध्ये 'आयडी' टाइप करा, हद्दीच्या एका कोपऱ्यावर क्लिक करा आणि आकडे वाचा. बेळगाव शहराजवळचं काम यूटीएम झोन ४३ मध्ये (पृथ्वीचा आपला पट्टा सपाट नकाशावर मांडायची पद्धत), मीटरमध्ये असेल तर एक्स साधारण ४ लाख ४६ हजार आणि वाय साधारण १७ लाख ५२ हजार यायला हवा. अथणीकडे एक्स ५ लाखांच्या थोडा पुढे जाईल, कारण झोनचा मध्य, म्हणजे ७५ अंश रेखांश, आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागातूनच जातो. एक्स ७४.५ आणि वाय १५.८५ दिसला तर फाईल अंशांत आहे. आणि एक्स ८२ लाख ९३ हजारांच्या आसपास दिसला तर हात तिथेच थांबवा, तो वेब मर्केटर आहे, म्हणजे ऑनलाइन नकाशांची पद्धत. वाय मात्र तेव्हाही १७ लाखांतच असतो, त्यामुळे नुसता वाय बघणारा हमखास फसतो.

साडेतीन गुंठे कुठून आले?

वेब मर्केटरची चूक पुन्हा पुन्हा होते आणि सगळ्यात महागात पडते, म्हणून जरा सविस्तर. क्यूजीआयएसमध्ये (एक जीआयएस प्रोग्रॅम) रिकामा प्रोजेक्ट उघडला आणि पहिला लेयर उपग्रह चित्राचा टाकला की प्रोजेक्टचं प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत) गुपचूप ईपीएसजी ३८५७, म्हणजेच वेब मर्केटर, होतं. त्यावर हद्द काढली, 'प्रोजेक्ट डीएक्सएफमध्ये एक्स्पोर्ट' केलं, तर त्या खिडकीतही तेच प्रोजेक्शन आधीपासून भरलेलं असतं. ओके दाबायची घाई असणाऱ्याला ते दिसत नाही.

३८५७ हे पडद्यावर नकाशा सरकवण्यासाठी आहे, मोजणीसाठी नाही. विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितकं ते ताणलं जातं. बेळगावच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ३.९ टक्के आणि उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४.६ टक्के जास्त येतं. क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांहून अधिक फुगतं. म्हणजे ४० गुंठ्यांचा एकर कॅडमध्ये जवळजवळ साडेत्रेचाळीस गुंठे दाखवतो.

खरी मेख अशी, की क्यूजीआयएसचं मोजमाप साधन सहसा पृथ्वीच्या गोलाईवर मोजतं, म्हणून तिथे एकर एकरच दिसतो. कॅड सपाट कागदावर मोजतं. जीआयएसवाला म्हणतो माझं बरोबर, कॅडवाला म्हणतो माझं बरोबर, आणि दोघंही आपापल्या पडद्यापुरते खरे असतात.

अशाच एका दोन एकरांच्या लेआउटची गत बघा. हद्द वेब मर्केटरमध्ये आली, कॅडमध्ये ८६ गुंठ्यांच्या वर भरली. उताऱ्यावर ८० होते. "मोजणीत मिळाली असेल जागा," म्हणून मालक खूश, ड्रॉइंग करणाराही खूश. त्यावर ३०-४० च्या साईटी पाडल्या, रस्ते सोडले, नंबर दिले. टोटल स्टेशन (जमीन मोजायचं यंत्र) घेऊन खुंट्या मारायला गेल्यावर शेवटच्या रांगेतल्या तीन साईटी शेजाऱ्याच्या उसात. मग दुरुस्ती म्हणून सगळं ड्रॉइंग ०.९६२ ने स्केल केलं. हा आडमार्ग मूळ चुकीपेक्षा वाईट. दोन्ही दिशांचा ताण वेगळा असल्यामुळे पूर्व-पश्चिम जुळलं, पण उत्तर-दक्षिण दर १०० फुटांना अर्ध्या फुटाहून जास्त उरलंच. पहिली चूक निदान ढोबळ होती. ही लपून बसली.

उपाय एकच: मूळ लेयरवर जाऊन 'सेव्ह फीचर्स अॅज' करा, प्रोजेक्शन ईपीएसजी ३२६४३ (यूटीएम झोन ४३) निवडा आणि नवीन फाईल काढा. मग ती कॅडमध्ये उघडून परत 'आयडी'. डीएक्सएफच्या पोटात प्रोजेक्शन सहसा लिहिलेलं नसतं, म्हणून फाईलच्या नावातच '_यूटीएम४३_मीटर' घालायची सवय लावा. नाव लांबलचक झालं तरी चालेल.

अंशांतली फाईल त्या मानाने कमी धोक्याची, कारण ती लगेच पकडली जाते. अख्खं गाव कॅडमध्ये ०.०२ युनिट रुंद दिसतं. तरी काही बहाद्दर तिलाही एक लाख अकरा हजाराने गुणून 'मीटर' करतात. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०७.१ किमी आणि अक्षांशाचा सुमारे ११०.७ किमी. एकाच आकड्याने गुणलं की शेत आडवं पसरणारच.

ड्रॉइंग शून्यावर ओढणं

कॅडवाल्यांची लाडकी सवय. १७ लाखांचे आकडे बघून घाबरायचं, किंवा हॅच नीट येत नाही म्हणून सगळं सिलेक्ट करायचं आणि मूव्ह करून ०,० वर आणायचं. वर ए-वन कागदात बसावं म्हणून रोटेट. ड्रॉइंग देखणं होतं, पण जमिनीशी असलेलं त्याचं नातं तुटतं. महिन्याभराने तीच फाईल जीआयएसमध्ये टाकली की यूटीएम ४३ मध्ये प्लॉट विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात उमटतो.

ओढायचं नाही, बघायची दिशा बदलायची. यूसीएस (कॅडमधली आपली स्वतःची एक्स-वाय मांडणी) घ्या, सोयीच्या कोपऱ्यावर मूळबिंदू ठेवा, रस्त्याच्या रेषेला समांतर फिरवा, नाव देऊन सेव्ह करा आणि 'प्लॅन' मारा. पडद्यावर सगळं सरळ दिसेल, आकडे मात्र जागच्या जागी राहतील. फाईल पाठवण्याआधी यूसीएस परत वर्ल्ड करा.

आधीच ओढून झालेलं असेल तर उपग्रह चित्रावर डोळ्याने जुळवत बसू नका. बांध चित्रात एक-दोन मीटर इकडेतिकडे सहज दिसतो. जमिनीवर पक्के सापडणारे किमान दोन बिंदू घ्या, खरं तर तीन: हद्दीचा दगड, मोरीचा कोपरा, देवळाच्या कट्ट्याचा कोपरा. आधी दोन्ही फाईलींत त्याच दोन बिंदूंमधलं अंतर मोजा. सेंटिमीटरांत जुळलं तर नुसतं ओढलंय किंवा फिरवलंय. 'अलाइन' वापरा आणि स्केल करायचं का विचारलं तर नाही म्हणा. गुणोत्तर ०.३०४८ किंवा ३.२८ आलं तर फूट-मीटरचा घोळ. १.०४ च्या जवळपास आलं तर वरचा मर्केटर. तिसरा बिंदू फक्त तपासायला.

फूट, गुंठा, आर, साखळी

एककांचा गोंधळ आपल्या सीमाभागात दुप्पट. इकडच्या उताऱ्यावर एकर-गुंठे, पलीकडे चंदगड, गडहिंग्लजच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०१.१७ चौरस मीटर. "एकच आहे की ओ" म्हणून सोडलं तर दोन एकरांत जवळजवळ एक गुंठा गायब. जुन्या मुंबई इलाख्यातल्या टिप्पणांवर (मोजणीच्या कच्च्या नकाशांवर) साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची आहे. पुस्तकात वाचलेली ६६ फुटांची गुंटर साखळी त्यांना लावली तर क्षेत्र चौपट.

फुटांत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक बारीक काटा. काही प्रोग्रॅममध्ये आंतरराष्ट्रीय फूट आणि अमेरिकी सर्व्हे फूट असे दोन पर्याय असतात. फरक दहा लाखांत दोन, म्हणजे प्लॉटच्या बाजूवर काहीच नाही. पण बेळगावचा वाय १७ लाख ५२ हजार मीटर आहे, त्यावर तो फरक साडेतीन मीटर होतो आणि एक्सवर सुमारे ९० सेंटिमीटर. आकार तंतोतंत बरोबर, पण सगळं ड्रॉइंग उत्तर-दक्षिण साडेतीन मीटर सरकलेलं दिसलं, की सर्व्हेअरला बोल लावण्याआधी हे बघा. मुळात मीटरमध्येच ठेवा, 'युनिट्स'मध्ये मीटर आहे का ते पाहा, आणि फूट फक्त डायमेन्शनमध्ये दाखवा.

टोटल स्टेशनचं अंतर आणि यूटीएमचं अंतर किलोमीटरमागे ४५ ते ५० सेंटिमीटर वेगळं येणारच. प्रोजेक्शनचा गुणक आणि आपली साडेसातशे मीटरची उंची, दोन्ही मिळून. एका साईटीला हे जाणवत नाही, दहा किलोमीटरच्या पाइपलाइनला जाणवतं.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशावरून, म्हणजे टोपोशीटवरून (बेळगाव ४८ आय, निपाणी ४७ एल) काही उतरवलं असेल तर त्यांचा पाया, म्हणजे गृहीत धरलेला पृथ्वीचा आकार, जुना एव्हरेस्टचा आहे. रूपांतर न करता डब्ल्यूजीएस ८४ वर (जीपीएसचा आणि वरच्या ईपीएसजी ३२६४३ चा पाया) ठेवलं की सगळं शंभर मीटरांहून जास्त सरकतं.

फुटकळ, पण रोजचं

शेपफाईल (जीआयएसची नेहमीची फाईल) देताना नुसती 'डॉट एसएचपी' पाठवू नका. त्याच नावाच्या एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे फाईली सोबत हव्यातच. शेपफाईलमध्ये कॉलमचं नाव दहा अक्षरांवर कापलं जातं. हद्दीच्या पॉलीलाइन 'क्लोज' करा, नाहीतर जीआयएसमध्ये पॉलिगॉन होणार नाही. तुटक्या रेषांसाठी पीएडिट-जॉइन आणि दुहेरी रेषांसाठी ओव्हरकिल, याच क्रमाने नाही, उलट.

सर्व्हे नंबर लेयरच्या नावात घालू नका. कॅडला लेयरच्या नावात तिरकी रेघ (/) आणि फुली (*) चालत नाही, आणि आपल्याकडे ४५/२ मध्ये एक आहे, कर्नाटकच्या 'भूमी' उताऱ्यात सर्व्हे नंबरासोबतच्या सर्नोक रकान्यात दुसरी. ४५_२ लिहा आणि सगळीकडे तसंच ठेवा.

गावांची नावं '????' दिसली तर फाईल लगेच परत मागवू नका. कॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये (वरची शेपफाईलची एसएचएक्स वेगळी) देवनागरीही नाही आणि कन्नडही नाही. टेक्स्ट स्टाइलला निर्मला फॉन्ट लावून बघा, त्यात दोन्ही लिप्या आहेत. अक्षरं आली तर प्रश्न फॉन्टचा होता. तरीही प्रश्नचिन्हंच राहिली तर ती एक्स्पोर्ट करताना एन्कोडिंग चुकल्यामुळे फाईलमध्येच तशी लिहिली गेली आहेत. मग मात्र मूळ फाईलवरून पुन्हा काढावीच लागेल.