लोगोपासून भरतकामापर्यंत आणि उलट: एसव्हीजी–डीएसटी

गणवेशाच्या खिशावरचा बिल्ला मशीनवर भरायचा तर लोगोच्या चित्राची एसव्हीजी फाइल नुसती डीएसटी, म्हणजे भरतकामाच्या मशीनची फाइल, म्हणून सेव्ह करून भागत नाही. एसव्हीजीत आकार असतात. डीएसटीत सुई कुठे पडणार, फ्रेम कुठे सरकणार आणि रंग कधी बदलणार एवढंच असतं. मधले निर्णय पंचिंग करणाऱ्यालाच, म्हणजे चित्राचे टाके बसवणाऱ्यालाच, घ्यावे लागतात.

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये इंक/स्टिच हे भरतकामासाठीचं मोफत एक्स्टेन्शन टाका आणि सर्वांत आधी डिझाइन खऱ्या मापाला आणा, समजा ७० मिमी रुंद. टाक्याचा प्रकार मापावरच ठरतो. १ मिमीपेक्षा बारीक रेघेला रनिंग (एकामागे एक साधे टाके), साधारण ७ मिमीपर्यंतच्या पट्टीला सॅटिन (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे टाके), त्याहून रुंद भागाला फिल (ओळींनी भरलेले टाके). रुंद सॅटिनचे धागे सैल राहतात आणि धुण्यात अडकून निघतात.

सॅटिनला ०.४ मिमी अंतर चालतं. फिलच्या ओळींतलं अंतर मुळात ०.२५ मिमी असतं. पातळ कापडावर ते ०.३५ पर्यंत वाढवा, नाहीतर कापड आकसतं. टाका कापडाला स्वतःच्या दिशेने ओढतो, त्यामुळे गोल काढलेला बिल्ला शिवल्यावर लंबगोल दिसतो. म्हणून सॅटिनला पुल कॉम्पेन्सेशन, म्हणजे ही ओढ भरून काढायला थोडी जास्त रुंदी, द्या: शर्टाच्या कापडावर प्रत्येक बाजूला ०.२ मिमी, ताणणाऱ्या टी-शर्टवर ०.४ च्या आसपास. फिलची कड बॉर्डरखाली निदान १ मिमी आत जाऊ द्या. दोन्ही कडा नुसत्या टेकवल्या तर मधून कापड डोकावतं.

मराठी अक्षरांना वेगळी काळजी लागते. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. मजकुराचं तसंच पाथ (रेषांचा आकार) केलं तर त्या जागी टाके दुप्पट पडतात, गाठ येते, सुईही तुटू शकते. शिरोरेषा अक्षरांपासून कापून काढा, पूर्ण शब्दावर एकच सॅटिन पट्टी घाला आणि ती शेवटी शिवा. अनुस्वाराचा टिंब फार बारीक ठेवू नका. १ मिमीच्या आत तो गोळा होतो.

ऑब्जेक्टच्या यादीत जे खाली, ते आधी शिवलं जातं. सिम्युलेटर (शिवण पडद्यावर दाखवणारं साधन) चालवून धाग्याच्या लांब उड्या पाहा आणि क्रम बदला. मग एसव्हीजी जपून ठेवा आणि 'सेव्ह अ कॉपी'ने डीएसटी काढा. डीएसटीत रंगांची नावं राहत नाहीत, तेव्हा धाग्यांचा क्रम कागदावर लिहून मशीनवाल्याला द्या.

हातात फक्त डीएसटी असेल, तर ती इंकस्केपमध्ये उघडते खरी, पण दिसतात ते टाके. प्रत्येक नोड (रेषेवरचा बिंदू) म्हणजे सुईचं एक भोक. ती ओढून मोठी केली तरी टाके तेवढेच राहतात आणि कापड दिसू लागतं. लहान केली तर टाके एकमेकांवर चढतात. त्याचं चित्र काढून ट्रेस (सॉफ्टवेअरकडून आपोआप आकार) करायला गेलात तर करवतीसारख्या कडा आणि हजारो नोड मिळतात. त्यापेक्षा टाक्यांचा लेयर लॉक करून फिका करा आणि वरून पेन टूलने हाताने आकार काढा. सिम्युलेटरमध्ये एखाद्या भागात आधी विरळ टाके पडताना दिसतात, ते अंडरले, म्हणजे वरच्या टाक्यांखालचे आधाराचे टाके. ते सोडून द्या. पुल कॉम्पेन्सेशनमुळे पट्ट्या मूळ लोगोपेक्षा जाड असतात, त्या तेवढ्या बारीक करा. लंबगोल दिसणारं वर्तुळ गिरवू नका, सर्कल टूलनेच काढा.