फोडांच्या आजारात इम्युनोफ्लुरोसन्स: या चुका टाळा

सगळ्यात आधी फॉर्मालिन. पेम्फिगस किंवा बुलस पेम्फिगॉइडची (शरीराचीच प्रतिपिंडं कातडीवर उलटून फोड येतात ते आजार) शंका असेल तर कातडीचे दोन तुकडे घ्यायचे: साध्या हिस्टोपॅथॉलॉजीचा (सूक्ष्मदर्शकाखालची नेहमीची तपासणी) फॉर्मालिनमध्ये, डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्सचा (कातडीत साठलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी) मिशेल मीडियममध्ये, म्हणजे ती प्रतिपिंडं टिकवणाऱ्या द्रावणात. दुसरा तुकडा चुकून फॉर्मालिनमध्ये पडला की तो आमच्या कामाचा उरत नाही, आणि पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागते. मिशेल नसेल तर नॉर्मल सलाइन चालतं, पण नमुना 24 तासांत लॅबमध्ये पोचवा. मी बाटल्यांवर लेबलं चिकटवल्याशिवाय पंच (कातडीचा गोल तुकडा काढायचं हत्यार) हातात घेत नाही.

दुसरी चूक जागेची. घाईत फोडच उचलून पाठवतात. बाहेरून एका आजोबांचा रिपोर्ट आला होता: नडगीवरच्या फोडाच्या मधोमध घेतलेला पंच, ‘निगेटिव्ह’. त्या एका शब्दावर विसंबून खरजेचं मलम चालू राहिलं आणि आजोबा रात्र-रात्र खाजवत बसले. आमच्याकडे आले तेव्हा मांड्यांवर टणक, ताणलेले फोड होते. मांडीवरच्या ताज्या फोडाच्या कडेची, सेंटिमीटरभराच्या आतली शाबूत कातडी घेतली. बेसमेंट मेंब्रेनवर (कातडीच्या वरच्या आणि खालच्या थरांमधला पातळ पडदा) आयजीजी या प्रतिपिंडाची आणि सी3 या प्रथिनाची अखंड हिरवी रेघ! फोडाच्या आत दाहामुळे हे साठे नष्ट होतात, वरचं आवरणही सुटून जातं. शिवाय पेम्फिगॉइडमध्ये गुडघ्याखालच्या कातडीत खोटं निगेटिव्ह जास्त येतं. दुसरी जागा असताना नडगीला हात लावू नका. आणि रोग समोर दिसत असताना एका निगेटिव्हवर फाइल बंद करू नका, बायॉप्सी पुन्हा घ्या.

स्टेरॉइड सुरू झालं म्हणून तपासणी सोडू नका, काही काळ ती पॉझिटिव्ह राहू शकते.

सरळ रेघ दिसली की लगेच ‘पेम्फिगॉइड’ लिहून मोकळं होणाऱ्या नव्या रेसिडेंट्सना माझं सांगणं आहे, जरा थांबा. एपिडर्मोलिसिस बुलोसा अ‍ॅक्विझिटामध्येही (फोडांचाच एक वेगळा आजार) रेघच दिसते. 1 मोलर मिठाच्या द्रावणात कातडी दुभंगून बघा: पेम्फिगॉइडची रेघ सहसा फटीच्या छताला, याची तळाला.

स्लाइड त्याच दिवशी बघून फोटो काढा, चमक विझत जाते.

आणि फॉर्मवर जागा व शंका लिहा. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस (खूप खाजणाऱ्या बारीक फोडांचा आजार) मनात असेल तर तसं स्पष्ट कळवा, म्हणजे पॅपिलांच्या (कातडीच्या खालच्या थराचे उंचवटे) टोकांवरचे आयजीए या प्रतिपिंडाचे बारीक कण आम्ही मुद्दाम शोधू.