आठवणीतला हळदीचा पिवळा कसा कालवायचा

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. संध्याकाळी घरी आले की बनियनचा गळा, भुवया, कानामागच्या घड्या, सगळं पिवळंधमक. माझी निम्मी चित्रं त्या गळ्यापासून सुरू होतात.

तो पिवळा हवा म्हणून खरी हळद वापरू नका. मी वापरली होती, डिंकात खलून. चित्र खिडकीसमोर टांगलं आणि पावसाळ्याआधीच गळा पांढरा पडला. हळद उजेडात टिकत नाही. (चुना लागला तर लाल होते, तो खेळ वेगळा.)

जलरंगात यलो ऑकर (मातकट पिवळा) घ्या, त्याच्या निम्मा कॅडमियम यलो (भडक पिवळा), आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) ब्रशच्या टोकाला लागेल तेवढाच. जास्त झाला की वीट. सावलीला काळा नको, पिवळा शेवाळतो. किंचित जांभळा घाला. कागद जाड, ३०० जीएसएमचा, ओला. डाग स्वतः पसरू दे, मध्ये हात घालू नका.

फोटो समोर ठेवू नका. वडिलांचा एकच फोटो आहे, लग्नातला, उसन्या कोटातला. त्यात ते नाहीतच. त्यापेक्षा कोपऱ्यात पेन्सिलीने शब्द लिहा. माझे होते: बल्ब डावीकडून, सुतळीचा वास, आई गप्प. मग रंग लावा.

आणि चित्रं माळ्यावर ठेवा. माझी खोली कृष्णेजवळ आहे. २०१९ च्या पुरात खालच्या कपाटातली सगळी गेली.